जादूच्या आधीची चार वर्षे
(हीरक महोत्सवी समारंभातील भाषणाचा मजकूर)



साठ वर्षे पूर्ण करणाऱ्या शाळेच्या व्यासपीठावरून, अवघी सहा वर्षे शाळेत गेलेल्या एका मुलाची हकीकत सांगावयाची आहे. शाळेच्या उत्सवात हा विषय काहीसा विपरीत वाटेल. परंतु ज्या प्रश्नाने आज घराघरांतले पालक अस्वस्थ असतात, त्या प्रश्नाशी या हकिकतीचा फार जवळचा संबंध आहे. एखाद्या खेळात मूल पुढे जावे असे वाटत असेल, तर त्याने सुरुवात केव्हा करावी? आणि सुरुवात केल्यावर त्याला नेमके काय लागते?

हा मुलगा झाशीचा. झाशी म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम किल्ला उभा राहतो, आणि मग राणी लक्ष्मीबाई. वरसईचे विष्णुभट गोडसे त्या धामधुमीत झाशीत अडकले आणि त्यांनी जे पाहिले ते ‘माझा प्रवास’मध्ये लिहून ठेवले, म्हणून त्या शहराचे रस्ते आपल्याला न पाहताही ओळखीचे वाटतात. पण किल्ल्याची ही झाशी लोहमार्गाच्या एका अंगाला राहते. रूळ ओलांडून पलीकडे गेले की सीपरी बाजार लागतो. शिवपुरीचे जुने नाव सीपरी. १८५९ च्या एप्रिलात तात्या टोपे यांना फाशी दिले, ते हेच सीपरी. त्या गावाचे नाव धारण करणारी ही वस्ती मात्र वाढली ती रेल्वे आणि छावणी यांच्या आधाराने. मुंबईहून निघालेली जी. आय. पी. रेल्वे झाशीवरून उत्तरेस जात असे, तिचा मोठा कारखाना तेथे होता, आणि फलटणींचा राबता तर नित्याचाच होता. अशा वस्तीत रेल्वेतली आणि सैन्यातली माणसे शेजारी-शेजारी राहतात आणि त्यांची मुले संध्याकाळी एकाच मोकळ्या जागेत खेळतात.

ध्यानसिंग हा त्यांच्यापैकी एक. जन्म २९ ऑगस्ट १९०५, प्रयागचा. वडील समेश्वरसिंग ब्रिटिश हिंदी सैन्यात होते आणि तेथे हॉकीही खेळत असत. सैनिकाच्या बदल्या फार. बिऱ्हाड या गावाहून त्या गावी हलत राहिले आणि सहा इयत्तांनंतर मुलाचे शिक्षण थांबले. अखेरीस वडिलांना झाशीत घरापुरती थोडी जमीन मिळाली आणि कुटुंब तेथे स्थिरावले. ध्यान, धाकटा रूप आणि तिसरा भाऊ मूलसिंग अशी ही तीन भावंडे.

आता एवढ्या सामग्रीवरून आपण सहज असे चित्र रंगवू की, वडील हॉकीपटू, तेव्हा मुलाच्या हाती चालता येऊ लागल्यापासून स्टिक असणार. तसे नव्हते. पुढे जगभर नाव झाल्यावर ध्यानचंदांनी ‘गोल’ या नावाचे आत्मचरित्र लिहिले. ते १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी अगदी साधेपणाने सांगितले आहे की सैन्यात जाण्यापूर्वी आपण नोंद घेण्याजोगी हॉकी खेळल्याचे आपल्याला आठवत नाही. झाशीत मित्रांबरोबर कधीमधी हौसेने खेळणे होई, इतकेच. ओढा होता तो कुस्तीकडे. म्हणजे पंधरा-सोळा वर्षांचा होईपर्यंत हा मुलगा आजच्या भाषेत ‘उशीर झालेला’ होता. आज एखाद्या प्रशिक्षण केंद्रात त्याचे वडील त्याला घेऊन गेले असते, तर वय विचारून झाल्यावर तेथील माणसाने हळूच मान हलवली असती.

२९ ऑगस्ट १९२२ रोजी, म्हणजे आपल्या वाढदिवशीच, तो फर्स्ट ब्राह्मण रेजिमेंटमध्ये शिपाई म्हणून भरती झाला. जन्मसाल १९०५ धरले तर त्या दिवशी त्याला सतरा वर्षे पूर्ण झाली. हॉकी खेळण्यासाठी तो गेला नव्हता. शिक्षण थांबलेल्या, बापाची नोकरी डोळ्यांपुढे असलेल्या मुलापुढे जो रस्ता सरळ दिसतो, तो त्याने धरला.

येथून चार वर्षांचा एक कालखंड सुरू होतो. १९२२ ते १९२६. ध्यानचंदांविषयी जे काही लिहिले-बोलले जाते, त्यात या कालखंडाला दोन ओळींपेक्षा जास्त जागा क्वचितच मिळते. कारण उघड आहे. पुढचे सगळे फार झगमगीत आहे. तीन ऑलिंपिक सुवर्णपदके, बर्लिनचा अंतिम सामना, जर्मनीवर आठ विरुद्ध एक असा विजय. आणि त्याहून झगमगीत त्या दंतकथा : स्टिकमध्ये लोहचुंबक आहे की काय म्हणून ती फोडून पाहिली, व्हिएन्नात चार हातांचा पुतळा उभारला, वगैरे. त्या पुतळ्याचा मागमूस कोणाला लागलेला नाही, तरी तो दरवर्षी २९ ऑगस्टला वर्तमानपत्रांतून नव्याने उभा राहतो. ‘हॉकीचा जादूगार’ ही पदवी प्रेमाने दिली गेली, यात शंका नाही. पण तिने त्या मुलावर थोडा अन्यायही केला. जादूगाराला सराव लागत नाही, अशी आपली समजूत असते. टोपीतून ससा निघाला की टोपी कोणी शिवली, हे कोणी विचारत नाही.

ती टोपी शिवणाऱ्यांत पहिले नाव येते सुभेदार मेजर बाळे तिवारी यांचे. रेजिमेंटमधले हे अधिकारी हॉकीचे मोठे शौकीन होते. त्यांनी या नव्या पोराला मैदानावर ओढले, हातात स्टिक कशी धरावी इथपासून शिकवले. ध्यानचंदांनी त्यांना आयुष्यभर आपले पहिले गुरू मानले. बाळे तिवारींबद्दल आज जगाला जे ठाऊक आहे, ते बहुतांशी एवढेच. त्यांचा पुतळा नाही, त्यांच्या नावाचा पुरस्कार नाही. शिष्याने नाव घेतले म्हणून ते नाव उरले. या स्मरणिकेच्या पानांवर ज्या शिक्षकांची छायाचित्रे आहेत, त्यांपैकी काहींना हे वाचताना ओळखीचे वाटेल.

तिवारींच्या हाताखाली हा मुलगा काय शिकत असेल, हे समजण्यासाठी तेव्हाच्या खेळाची थोडी कल्पना हवी. आजची हॉकी कृत्रिम हिरवळीवर, वेगाने आणि जोरकस फटक्यांनी खेळली जाते. तेव्हा मैदान गवताचे किंवा नुसत्या मातीचे असे. लष्करी छावणीतले मैदान म्हणजे उन्हाळ्यात दगडासारखे टणक आणि पावसानंतर उंचसखल. चेंडू कोणत्या खड्ड्यावरून कसा उडेल, याचा नेम नसे. हॉकीच्या स्टिकला एकच बाजू सपाट असते आणि चेंडू त्याच बाजूने खेळावा लागतो. उजव्या अंगाचा चेंडू सोपा. डाव्या अंगाला गेला की मनगट फिरवून स्टिक उलटी करायची, टोक खाली आणायचे, चेंडू ओढायचा आणि पुन्हा स्टिक सुलटी करायची. धावता धावता, समोर अंगावर येणारा खेळाडू असताना, हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच व्हावे लागते. डोक्याने ही क्रिया एका दिवसात समजते. मनगटाला समजायला वर्ष जाते.

दुसरी गोष्ट ऑफसाइडची. त्या काळच्या नियमानुसार, चेंडू पुढे दिला जात असताना आक्रमण करणाऱ्या खेळाडूच्या आणि गोलरेषेच्या मध्ये प्रतिपक्षाचे किमान तीन खेळाडू असावे लागत. त्यामुळे गोलाजवळ जाऊन उभे राहण्याची सोय नव्हती. सेंटर फॉरवर्डने थांबायचे, बाजूच्या दोघांकडे चेंडू द्यायचा, नेमक्या क्षणी पळायचे आणि परत चेंडू घ्यायचा. एकट्याच्या नाचऱ्या कसरतीला या नियमाने लगाम घातलेला होता. पुढे ज्यांनी ध्यानचंदांचा खेळ जवळून पाहिला, त्यांच्यापैकी केशव दत्त, जे स्वतः दोन ऑलिंपिक सुवर्णपदकांचे मानकरी, ते सांगत की या माणसाची खरी शक्ती मनगटात नव्हती, मस्तकात होती, आणि बुद्धिबळपटूला पट दिसावा तसे त्याला मैदान दिसे. पट दिसू लागण्यासाठी आधी किती डाव हरावे लागतात, ते बुद्धिबळ खेळणारी या सभागृहातली मुले सांगू शकतील.

या चार वर्षांत तो केवळ लष्करातल्या स्पर्धा आणि रेजिमेंटचे सामने खेळला. बाहेरच्या जगाला त्याचे नाव ठाऊक नव्हते. दिवस शिपायाचा होता. पहाटेची कवायत, पहारा, परेड आणि मग उरलेला वेळ मैदानाचा. त्याच्या नावाविषयीची जी कथा सांगितली जाते ती याच काळातली. दिवसाची कामे आटोपल्यावर तो चांदण्यात सराव करी, म्हणून सोबती त्याला ‘चंद’ म्हणू लागले आणि ध्यानसिंगचा ध्यानचंद झाला. दुसरी एक कथा हे नाव पुढील काळातले हॉकी संघटक पंकज गुप्ता यांच्याकडे देते : हा मुलगा चंद्रासारखा चमकेल, असे ते म्हणाले होते. दोन्ही कथा एकाच वेळी खऱ्या असणे कठीण. निवड करावयाची तर पहिलीच्या पदरात अधिक माप पडते, कारण तिच्यात भविष्यवाणी नाही, घाम आहे. तेव्हा मैदानावर विजेचे दिवे नव्हते. शिपायाला रात्रीच वेळ मिळत असेल, तर चंद्राच्या पंधरवड्यावर विसंबण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हते.

झेलमला भरलेल्या पायदळाच्या एका स्पर्धेतील अंतिम सामन्याची गोष्ट हॉकीप्रेमी अजून सांगतात. ध्यानचंदचा संघ दोन गोलांनी मागे, सामना संपायला चार मिनिटे. कडेला उभ्या असलेल्या कमांडिंग ऑफिसरने काहीतरी कर म्हणून त्याला हाक दिली, आणि त्या चार मिनिटांत त्याने तीन गोल केले. सांगणारा येथे थांबतो आणि ऐकणारा टाळ्या वाजवतो. पण या गोष्टीत एक तपशील दडलेला आहे, त्याकडे पालकांचे लक्ष जावे. त्या अधिकाऱ्याने हाक मारली ती एका साध्या शिपायाला, नावाने. म्हणजे तोवर रेजिमेंटमध्ये वरपासून खालपर्यंत सर्वांना ठाऊक झाले होते की अडचणीच्या वेळी कोणाकडे पाहायचे. कालपर्यंत स्टिक धरायला शिकणाऱ्या मुलाविषयी हा विश्वास तयार व्हायला जो वेळ लागतो, तो त्याला मिळाला होता. चौथ्या महिन्यात त्याला कोणी काढून टाकले नव्हते. पहिल्या हंगामात पदक आले नाही म्हणून खेळ बदलला नव्हता.

१९२६ मध्ये हिंदी लष्कराचा हॉकी संघ न्यूझीलंडच्या दौऱ्यावर जावयाचा ठरला. एके दिवशी अधिकाऱ्याने बोलावून सांगितले की तुला न्यूझीलंडला जायचे आहे. त्या तरुणाच्या तोंडून शब्द फुटेना. त्याने कडक सलाम ठोकला, बाहेर पडला, आणि साहेबांच्या दृष्टीआड होताच सशासारखा धूम पळत बराकीत जाऊन सोबत्यांना बातमी दिली. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. न्यूझीलंड कोठे आहे, तेथे माणसे कशी राहतात, याची त्या बराकीत किती जणांना कल्पना असेल! दौऱ्यात २१ सामने झाले. १८ जिंकले, दोन बरोबरीत सुटले, एक निसटता हरला. संघाने एकूण १९२ गोल केले, त्यांपैकी शंभराहून अधिक एकट्या ध्यानचंदांचे. परत आल्यावर त्यांना लान्स नाईक करण्यात आले. शंभर गोलांना शिपायाच्या बाहीवर एक फीत.

यापुढची वाट मात्र एकट्या माणसाने चालून होणारी नव्हती, तिला संस्था लागत होती. ती संस्था झाशीच्या शेजारीच जन्माला आली, याचे आपल्याला विशेष अगत्य वाटावे. ७ नोव्हेंबर १९२५ रोजी शिंद्यांच्या ग्वाल्हेरात भारतीय हॉकी महासंघाची स्थापना झाली. ऑलिंपिकसाठी संघ निवडायचा म्हणून १९२८ च्या प्रारंभी कलकत्त्यात आंतरप्रांतीय स्पर्धा भरवण्यात आली. पाच प्रांतांचे संघ आले. ध्यानचंद संयुक्त प्रांताकडून खेळले, लष्कराने त्यासाठी त्यांना रजा दिली, आणि संयुक्त प्रांताने अंतिम सामन्यात राजपुतान्याला हरवले.

संघ मुंबईत आला. निघण्यापूर्वी मुंबईच्या स्थानिक संघाशी सामना झाला, आणि ऑलिंपिकला जाणारा हा संघ तीन विरुद्ध दोन असा हरला! मुंबईकरांनी त्यावर काय टीकाटिप्पणी केली असेल, ते सांगायची गरज नाही. १० मार्च १९२८ रोजी ‘कैसर-इ-हिंद’ बोट सुटली तेव्हा धक्क्यावर निरोप द्यायला तीन माणसे होती : महासंघाचे अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि एक पत्रकार. २६ मे रोजी ॲम्स्टरडॅममध्ये यजमान हॉलंडला तीन गोलांनी हरवून भारताने सुवर्णपदक जिंकले. पाच सामन्यांत २९ गोल केले, एकही स्वीकारला नाही. त्यांतले १४ ध्यानचंदांचे. अंतिम सामन्यात संघातले कित्येक जण आजारी होते आणि ध्यानचंदही अंगात ताप घेऊन उतरले होते. बोट परत मुंबईला लागली तेव्हा त्याच शहरात हजारोंची गर्दी लोटली आणि महापौर डॉ. गो. वि. देशमुख यांच्या वतीने स्वागत झाले. ज्या मुलाने सहा वर्षांपूर्वी प्रथम नीट स्टिक धरली, तो तेव्हा बावीस वर्षांचा होता.

धाकट्या रूपसिंगाची कथा निराळी. त्याला घरातच वाट तयार मिळाली. १९३२ च्या लॉस एंजेलिसच्या संघात दोघे भाऊ होते. त्या वर्षी ध्यानचंदांची पलटण वायव्य सरहद्दीवर, बन्नूत होती. निवड स्पर्धेसाठी त्यांना रजाही मिळाली नाही, तरी महासंघाने त्यांना चाचणीविना निवडले. अमेरिकेविरुद्ध भारताने २४ गोल केले. रूपसिंगाचे दहा, ध्यानचंदांचे आठ. मोठ्याने शून्यातून रस्ता केला आणि धाकटा त्यावरून त्याच्याही पुढे दोन गोल गेला, याचा मोठ्याला किती आनंद झाला असेल, हे ज्यांच्या पाठीवर धाकटे भावंड आहे त्यांनी ओळखावे.

ऑलिंपिकची कीर्ती एवढी असूनही, आयुष्यातला सर्वोत्तम सामना कोणता, असा प्रश्न येई तेव्हा ध्यानचंद ॲम्स्टरडॅम, लॉस एंजेलिस किंवा बर्लिन यांपैकी कशाचेही नाव घेत नसत. ते सांगत १९३३ चा बेटन चषकाचा अंतिम सामना, कलकत्त्यातला. एका बाजूस कलकत्ता कस्टम्स, त्या काळचा बलाढ्य संघ, त्यात शौकत अली, डीफहोल्ट्स यांच्यासारखे नामांकित खेळाडू. दुसऱ्या बाजूस झाशी हीरोज. आपल्या गावच्या मुलांचा संघ! कोवळा संघ होता. रूपसिंग आणि मुंबईहून जी. आय. पी. रेल्वेकडून खेळणारा इस्माइल हे दोघे सोडले, तर मोठे म्हणावे असे कोणी त्यात नव्हते. कस्टम्सने सुरुवातीपासून दडपण आणले. चेंडू सारखा झाशीच्या गोलाभोवती फिरत होता. उत्तरार्धात अशाच एका हल्ल्यातून चेंडू सुटला, ध्यानचंदांनी मैदानाच्या मधूनच एक लांब पास इस्माइलकडे दिला, आणि तो निम्मे मैदान वाऱ्यासारखा कापत गेला. कस्टम्सचा बचाव करणारा खेळाडू आणि गोलरक्षक यांच्यात चेंडू कोणी घ्यायचा याविषयी क्षणभर घोटाळा झाला. तेवढ्यात इस्माइलने काम साधले. सामन्यात तो एकच गोल झाला.

या आठवणीत ध्यानचंदांचा स्वतःचा एकही गोल नाही. शंभर, दोनशे, शेकडो गोल ज्यांच्या नावावर, त्यांच्या स्मरणात सर्वांत वर राहिला तो दुसऱ्याला दिलेला पास आणि झाशीच्या पोरांनी रोखून धरलेला तो अख्खा तास. गुणपत्रिकेत याचे गुण कोणत्या रकान्यात भरायचे, हा प्रश्न शाळांना अजून सुटलेला नाही. सुटावा अशी घाईही दिसत नाही.

आता एक शंका कोणाच्याही मनात यावी. ते दिवस वेगळे होते. लष्कर होते, हॉकी नवी होती, स्पर्धा कमी होती. आज सतराव्या वर्षी सुरुवात करून कोण कोठे पोहोचणार? शंका अगदी खोटी नाही. जिम्नॅस्टिक्स किंवा पोहण्यासारख्या खेळांत लहानपण हाच पाया असतो, आणि सतरा वर्षांचे मूल तेथे उशिरा पोहोचलेलेच असते. हे लपवून कोणाला खोटा धीर देण्यात अर्थ नाही. पण सतरा किंवा सात या आकड्यापेक्षा, खेळ मुलापर्यंत पोहोचतो कसा, हे पाहणे अधिक उपयोगी आहे. त्यासाठी झाशीहून फार लांब जाण्याची गरज नाही. त्याच लोहमार्गाने दक्षिणेला भोपाळ लागते. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या शहरातल्या मोठ्या तलावावर राष्ट्रीय नौकानयन प्रशाला चालते. २०२३ च्या सप्टेंबरात हांगझौच्या आशियाई स्पर्धेत तेथे शिकलेल्या दोघांनी पदके मिळवली. देवास जिल्ह्यातल्या शेतकरी घरातली सतरा वर्षांची नेहा ठाकूर हिने मुलींच्या लहान शिडाच्या बोटीच्या शर्यतीत रौप्य, आणि इबाद अली याने विंडसर्फिंगमध्ये कांस्य. विंडसर्फिंग म्हणजे पायाखाली एक फळी, त्या फळीला बसवलेले शीड, आणि ते शीड दोन्ही हातांनी पेलून वाऱ्याला वळवायचे. नवख्या मुलाचे पहिले कित्येक दिवस पाण्यात पडण्यात आणि भिजून जड झालेले शीड पाण्यातून ओढून वर घेण्यातच जातात. कोकणातले शेकडो गाव समुद्राच्या काठावर आहेत. तेथील मुलांना वारा आणि पाणी जन्मतःच कळते. तरीही हे पदक माळव्यातल्या तळ्यावरून गेले. कारण तेथे बोट होती, फळी होती, आणि पाण्यात पडलेल्या मुलाला रोज पुन्हा उभे करणारे कोणीतरी काठावर होते.

छावणीतले मातीचे मैदान आणि भोपाळचा तलाव, दोन्हीकडे गोष्ट तीच घडली. मुलाची निवड आधी झाली नव्हती. जागा आधी होती, शिकवणारा आधी होता. मूल नंतर आले, आणि कोणते येईल हे कोणालाच आधी माहीत नव्हते. म्हणून शाळेचे मैदान ही निकालाच्या हिशेबात न बसणारी वस्तू असते. नव्या इमारतीची निकड निघाली की सर्वांत सोपा बळी तिचाच जातो, कारण मैदानातून कोण घडणार होते याची यादी कोणी देऊ शकत नाही. साठ वर्षांच्या वाटचालीत वर्गखोल्या वाढल्या, याचा अभिमान योग्यच आहे. पुढील साठ वर्षांचे आराखडे ज्यांच्या टेबलावर असतील, त्यांनी त्या नकाशात संध्याकाळी साडेपाचची वेळही एकदा काढून पाहावी. शिकवणीला पळणारी मुले तेव्हा कोठे असतील?

आणखी एक गोष्ट, थोडी कडू. सहा इयत्तांवर शिक्षण थांबलेल्या मुलाचे उदाहरण देऊन अभ्यासाला सुट्टी देण्याचा मोह काही विद्यार्थ्यांना होईल. त्यांनी हे ध्यानात घ्यावे की त्या मुलाला शाळेने सोडले नव्हते आणि त्यानेही शाळेला कंटाळून सोडले नव्हते. बदल्यांनी ती हिरावली. पुढे तो शिपायापासून मेजरपदापर्यंत चढला. प्रत्येक पायरीला त्याला जे शिकावे लागले, ते वयाने मोठा झाल्यावर, नोकरी सांभाळून शिकावे लागले. चांदण्यातल्या सरावाइतकेच तेही कष्टाचे असणार. त्याची कथा मात्र कोणी सांगत नाही.

१९५६ मध्ये मेजर ध्यानचंद लष्करातून निवृत्त झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण देण्यात आले. पुढे पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत त्यांनी हॉकी शिकवली, म्हणजे बाळे तिवारींचे काम केले, आणि शेवटी झाशीला येऊन राहिले. १९७५ मध्ये क्वालालंपूरला पाकिस्तानविरुद्ध विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात निर्णायक गोल मारला तो त्यांचा मुलगा अशोककुमार याने.

३ डिसेंबर १९७९ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. पार्थिव झाशीला आणले गेले. अंत्यसंस्कार कोठे करावयाचे, याविषयी गावाचे मत एकच होते : हीरोज मैदानावर. तशी परवानगी मिळायला आधी जरा अडचण आली, मग ती मिळाली. पंजाब रेजिमेंटने लष्करी इतमामाने मानवंदना दिली, आणि ज्या मैदानावर झाशीची मुले खेळत, तेथेच चिता रचली गेली. सीपरी बाजारातल्या टेकडीवर आज त्यांचा मोठा पुतळा उभा आहे, हातात स्टिक घेतलेला. हीरोज मैदानावर त्यांची समाधी आहे.